लक्ष ठेवा आणि लक्ष देऊ नका

माझ्या फाईलमधे दोन कागद आहेत. एक मानसोपचारतज्ञ डॉक्टरांनी दिलेला. त्यात लिहिलंय की झोप किती झाली, बोलणं वाढलंय का, खर्च वाढलाय का, डोक्यात एकदम कल्पनांची गर्दी होतेय का, यावर रोज लक्ष ठेवायचं आणि जरा जरी फरक वाटला तरी कळवायचं. दुसरा थेरपिस्ट मॅडमनी दिलेला आणि तो बरोबर उलटा. शंका आली तर तपासायची नाही, घरच्यांना विचारायचं नाही, आत काय चाललंय ते बघत बसायचं नाही, शंका आहे तशी राहू द्यायची. दोन्ही कागद बरोबर आहेत, दोघांनीही आपापल्या जागी शास्त्रात आहे तेच सांगितलंय. फक्त दोन्ही एकाच माणसाला दिलेत.

मला बायपोलर आहे (मूड कधी अवाजवी वर, कधी पार खाली) आणि ओसीडीपण आहे (नको ते विचार, त्याच त्या शंका आणि तीच ती तपासणी). वय चव्वेचाळीस, साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला अकाउंट्स शिकवतो, बायको झेडपीच्या शाळेत, मुलगा बारावीला. हे मुद्दाम सांगतोय कारण दोन आजार एकत्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर स्टँडवर स्वतःशी बडबडत फिरणारा माणूस येतो. आम्ही बहुतेक वेळा स्टाफरूममधे असतो, तुमच्या शेजारच्या खुर्चीवर, डबा खात. आणि हे दोन्ही एकत्र असणं वाटतं तितकं दुर्मिळ नाही. ओसीडी आयुष्यात कधी ना कधी साधारण २-३ टक्के लोकांना होतो असं धरतात, पण ज्यांना बायपोलर आहे त्यांच्यात शोधायला गेलं की आकडा बऱ्याच अभ्यासांत १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान येतो. म्हणजे बायपोलरवाले शंभर जण एका खोलीत बसवले तर त्यातले दहा-पंधरा जण तरी दाराची कडी नीट लागली का हे बघायला मधेच उठणार.

माझ्यात ओसीडी आधी आला. कधी आला ते सांगता येत नाही कारण आमच्या घरात त्याला लपायला भरपूर जागा होती. आम्ही मूळचे वाईचे. आजी सोवळ्यातली, कळशी घासायची, विसळायची, भरायची आणि मधेच कोणाचा हात लागला की ओतून परत पहिल्यापासून. पण आजीच्या त्या सगळ्याला नियम होते आणि नियम पाळून झाले की ती मोकळी व्हायची, पाय पसरून सुपारी कातरत बसायची, शेजारणींच्या चौकशा करायची. मी मोकळा व्हायचो नाही. फरक एवढाच होता आणि तो बाहेरून दिसत नाही. घरात सगळे म्हणायचे पोरगं आजीवर गेलंय, जरा मंत्रचळ आहे त्याला, आणि हसून सोडून द्यायचे.

हात धुणं, कडी बघणं, गॅस बघणं हे तरी चारचौघात सांगता येतं, लोक म्हणतात आम्हालापण आहे हो थोडं थोडं ओसीडी, माझं कपाट बघा किती नीटनेटकं. (हे ऐकलं की मी फक्त मान हलवतो.) सांगता येत नाहीत ते विचार. ढोल्या गणपतीसमोर हात जोडले की नेमक्या त्याच क्षणी डोक्यात शिवी यायची, देवालाच, आणि अशी घाण शिवी जी मी कधी तोंडातून काढली नाही. मग ती पुसायला अथर्वशीर्ष म्हणायचं, मधे परत शिवी आली की परत पहिल्यापासून. बाहेर आई चप्पल घालून उभी, अरे चल की, किती वेळ, आणि गुरुजी कौतुकाने बघतायत की एवढासा मुलगा आणि काय भक्ती. ह्या प्रकाराला नाव आहे, असे नको असलेले विचार ओसीडीमधे सर्रास येतात आणि नेमके माणसाला जे सगळ्यात पवित्र किंवा सगळ्यात लाडकं असतं त्याच्यावर येतात, हे मला पंचविशी उलटल्यावर कळलं. तोवर मी स्वतःला आतून सडलेला माणूस समजत होतो.

नोकरी लागली तीपण अकाउंट्सची. बारावीचे पेपर तपासायला आले की बाकीचे शिक्षक गठ्ठा संपवून चहाला जायचे आणि मी पहिल्याच गठ्ठ्यातल्या बेरजा परत परत करत बसायचो. बेरीज बरोबर आहे हे दिसत असतं. दिसतं पण पटत नाही. ओसीडीचं मर्म मला विचाराल तर हेच आहे, डोळ्याला दिसलेलं मनाला पोचत नाही. शेवटी डोळे चुरचुरायला लागले की मॉडरेटर सर येऊन गठ्ठा ओढून न्यायचे.

लग्न झाल्यावर बायकोने पहिल्या वर्षभरातच ओळखलं की हे नुसतं काटेकोरपण नाही आणि मला पुण्याला एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे ओसीडीच्या गोळ्या सुरू झाल्या, डिप्रेशनला देतात त्याच जातीच्या. पण ओसीडीला त्यांचा डोस बराच जास्त लागतो आणि परिणाम दिसायला कधी दहा-बारा आठवडे जातात. मी वाट बघितली. डोस वाढला. परत वाट बघितली. आणि मग एके दिवशी मी घराला कुलूप लावून जिना उतरलो आणि कोपऱ्यावर पोचल्यावर लक्षात आलं की आपण कुलूप ओढून बघितलंच नाही. आणि त्याचं काही वाटलंही नाही.

त्यानंतरचे आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर होते हे मला आजही कबूल करावं लागतं आणि हीच ह्या दुखण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. शंका गेल्या. एक नाही, सगळ्या. गठ्ठे झपाझप संपायला लागले, देवळात गेलो तर डोकं स्वच्छ, बायकोशी तासन्‌तास गप्पा, इतकी वर्षं जे वाक्य बोलायच्या आधी चार वेळा तपासायचो ते आता सरळ तोंडातून बाहेर, आणि लोक हसतायत, टाळ्या देतायत. आईने शनिवारी मारुतीला तेल घातलं आणि पेढे वाटले, माझं पोरगं सुटलं म्हणून. डॉक्टरपण खूश होते, वायबॉक्स नावाची एक मोजपट्टी असते ओसीडीची, शून्य ते चाळीस, तिच्यात मी पार खाली आलेलो. खोलीतल्या कोणालाही, मलासुद्धा, वाईट वाटावं असं काहीच घडत नव्हतं.

झोप कमी झाली होती पण थकवा नव्हता. पहाटे तीनला उठून मी नोट्स काढायला लागलो, अकाउंट्स शिकवायची एक नवीनच पद्धत मला सापडली होती ज्याच्यात म्हणे जर्नल एंट्री लक्षात ठेवायची गरजच नव्हती. मग क्लास काढायचं ठरलं, मग एक नाही तीन गावात क्लास, मग हॉल बुक केला, बेंचची ऑर्डर दिली, मुलांना पहाटे साडेचारला मेसेज जायला लागले. त्यातच गणपती आले. मंडळाचा हिशोब माझ्याकडे असायचाच, त्या वर्षी मी सगळंच माझ्याकडे घेतलं, दहाही रात्री जागलो आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलाच्या पुढे उभा राहून पोलिसांशी भांडलो कारण मला खात्री होती की मिरवणुकीचा मार्ग चुकतोय आणि तो बरोबर फक्त मलाच माहितीय.

खात्री. ज्याला आयुष्यात कधी गॅस बंद असल्याची खात्री झाली नाही त्याला आता सगळ्याचीच खात्री होती.

पुढचं थोडक्यात सांगतो, ते ऐकण्यासारखं नाही आणि अशा गोष्टी साधारण सगळ्यांच्या सारख्याच असतात. ॲडमिट झालो, इंजेक्शनं झाली, पैसे गेले, बेंचवाल्याने ॲडव्हान्स परत दिला नाही. आणि मग ते सगळं उतरल्यावर डिप्रेशन आलं आणि त्याच्याबरोबर ओसीडी वाजतगाजत परत आला, पहिल्यापेक्षा जोरात, आता त्याला नवीन खुराक मिळाला होता. मी कोणाकोणाला काय काय बोललो, मुलींना काही वेडंवाकडं तर बोललो नाही ना, मेसेज परत वाचायचे, परत परत वाचायचे, आठवून आठवून प्रत्येक दिवस उलगडून बघायचा. मॅनियातलं, म्हणजे त्या वर चढलेल्या दिवसांतलं, धड आठवत नाही आणि ओसीडीला आठवल्याशिवाय चालत नाही. त्या महिन्यांत मरायचे विचार रोज होते. दोन्ही आजार एकत्र असले की हा धोका वाढतो असं डॉक्टर सांगतात आणि मला ते कोणी समजावून सांगायची गरज नाही. अशा वेळी रात्री कोणाला फोन करायचा असतो तेव्हा नंबर शोधायचं पण त्राण नसतं म्हणून इथेच लिहून ठेवतो, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

नवीन डॉक्टरांनी कागदावर दोन्ही नावं लिहिली आणि समजावलं की असं बऱ्याच जणांचं होतं. मूड खाली गेला की ओसीडी वर येतो, मूड वर गेला की ओसीडी दबतो. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, काहींचं उलटंही होतं, पण ओसीडी असा लाटांमधे येत-जात असेल, मधे मधे पूर्ण गायब होत असेल, तर बायपोलरची शंका घ्यावी. नुसता ओसीडी सहसा असा सुट्टीवर जात नाही. आणि ज्या गोळ्यांनी ओसीडी बरा होतो त्याच गोळ्या बायपोलरवाल्याला वर ढकलू शकतात. म्हणून आधी मूड जाग्यावर आणायचा, मग उरलेल्या ओसीडीचं बघायचं, जमलं तर गोळ्यांपेक्षा थेरपीने, आणि ओसीडीची गोळी द्यावीच लागली तर मूडच्या औषधाच्या संरक्षणाखाली. काहीजणांचा ओसीडी नुसता मूड स्थिर झाल्यावरच पुष्कळ उतरतो. माझा अर्धा उतरला.

गंमत म्हणून वाचायला घेतलं तेव्हा कळलं की ह्या दोन्ही आजारांची वर्णनं एकाच शहरात झालीत. पॅरिसमधे १८५४ साली फालरे आणि बेयार्जे नावाचे दोन डॉक्टर भांडत होते की चढउताराचं हे वेड आधी कोणी ओळखलं, एकाने त्याला वर्तुळाकार वेड म्हटलं, दुसऱ्याने दुहेरी वेड. आणि त्याच शहरात १८७५ मधे लग्राँ द्यु सोल नावाच्या डॉक्टरने संशयाच्या वेडावर सविस्तर लिहिलं, त्यात स्पर्शाची भीतीपण होती. म्हणजे दीडशे वर्षं झाली, मला काय झालंय ते कागदावर उतरलेलं होतं, फक्त वेगवेगळ्या कागदांवर.

मला लिथियम सुरू झालं. हे औषध म्हणजे खरं तर एक क्षार आहे. जॉन केड नावाचा ऑस्ट्रेलियन डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धात तीन वर्षांहून जास्त जपान्यांच्या कैदेत काढलेला माणूस, त्याने परत आल्यावर हॉस्पिटलच्या एका वापरात नसलेल्या स्वयंपाकघरात गिनीपिगवर प्रयोग केले, मग पेशंटना लिथियम दिलं आणि १९४९ मधे निष्कर्ष छापला की मॅनिया उतरतोय. नेमकं त्याच वर्षी अमेरिकेत मिठाला पर्याय म्हणून विकलं जाणारं लिथियम खाऊन काही माणसं मेली आणि ते बाजारातून काढून टाकावं लागलं. आणि सेव्हनअपमधे सुरुवातीच्या काळात लिथियम असायचं, १९४८ पर्यंत. मुलाला हे सांगितल्यावर तो म्हणाला बाबा, मग तुम्ही गोळ्यांऐवजी कोल्ड्रिंकच प्यायचं होतं ना.

तर लिथियम चांगलं पण त्याची जागा चिंचोळी. रक्तातलं प्रमाण साधारण ०.६ ते १ च्या मधे ठेवतात, दीडच्या वर गेलं की विषबाधेकडे वाटचाल सुरू. आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, मधूनमधून थायरॉईड आणि किडनी बघायची. हात थोडे थरथरतात, फळ्यावर लिहिताना मुलांच्या लक्षात येतं, तहान फार लागते. आणि आपल्याकडे ह्याच्यात खास भर म्हणजे उपास. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि पातळी चढते. म्हणजे आषाढीचा निर्जळी उपास बंद, संकष्टीला बिनमिठाचं खाणं बंद, उन्हातून वारीबरोबर चालायचं असेल तर पाणी आणि मीठ सांभाळून, जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच फोन, आणि अंगदुखीची गोळी मेडिकलमधून मनाने घ्यायची नाही, कारण ब्रुफेन आणि डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनीपण पातळी वाढते. आईला उपासाचं पटवायला वेळ लागला. शेवटी डॉक्टरांनीच तिला सांगितलं की आजी, देवाला चालतं, किडनीला चालत नाही.

आता ह्याच्यात ओसीडी घालून बघा. रात्री गोळी घेतली. घेतली का? पाण्याचा ग्लास रिकामा आहे म्हणजे घेतली असणार, पण ग्लास आधीच रिकामा असेल तर? नाही घेतली तर मॅनिया, परत घेतली तर विषबाधा. इतकी उत्तम शंका ओसीडीला आयतीच मिळाली. मी स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजायला लागलो, मग मोजलेलं वहीत लिहायला लागलो, मग वहीतलं बरोबर लिहिलंय का ते बघायला स्ट्रिप परत मोजायला लागलो. हल्ली वारांची नावं असलेला डबा आहे, रविवारी बायको भरते, मी तो फक्त उघडतो आणि एकदाच उघडतो. उघडलेला कप्पा बघून शंका आली तरी त्या रात्री दुसरी गोळी घ्यायची नाही असं डॉक्टरांनी माझ्यासाठी ठरवून दिलंय आणि मला त्यावर विचार करायची परवानगी नाही. परवानगी नसणं ही किती आरामाची गोष्ट आहे ते ज्याला डोकं असं आहे त्यालाच कळेल.

आणि मग मूड चार्ट. ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

बायपोलरवाल्या प्रत्येकाला हा सांगतात. रोज एक आकडा, मूड उणे पाच ते अधिक पाच, झोपेचे तास, गोळ्या, काही विशेष. साधं काम. माझ्यासारख्या माणसाच्या हातात असा रकाने आखलेला कागद दिला की काय होतं ते तुम्हाला आता कळलंच असेल. पहिल्या आठवड्यात मी रात्री एकदा भरत होतो. मग वाटलं सकाळचा आणि रात्रीचा वेगळा असू शकतो. मग दुपारचा. मग अधिक एक आणि अधिक दीड यातला फरक कसा ठरवायचा यावर मी अर्धा तास बसायला लागलो. आज वर्गात विनोद केला, मुलं हसली, मलापण मजा आली. ही मजा नॉर्मल आहे का सुरुवात आहे? गाणं गुणगुणत आंघोळ केली, हे वर जातोय का? दुकानात दोन शर्ट घेतले, एक पुरला असता का? पहाटे चारला जाग आली, लघवीला आली का मॅनिया येतोय? आणि नुसतं मनात नाही, बायकोला. अहो ऐका ना हे ती मला म्हणते एरवी, इथे मीच तिच्या मागे, अगं मी जास्त बोलतोय का, अगं आज माझा आवाज चढलाय का, अगं खरं सांग. ती बिचारी सांगायची नाही हो, ठीक आहात. पाच मिनिटं बरं वाटायचं. मग वाटायचं तिने मला बरं वाटावं म्हणून तर नाही सांगितलं?

पूर्वी कुलूप बघायचो. आता मन बघत होतो, आणि कुलूप निदान जागचं हलत नाही.

डॉक्टरांना चार्ट दाखवला तर त्यांना आधी आनंद झाला, इतका काटेकोर चार्ट त्यांनी बघितला नव्हता. मग पानं उलटता उलटता त्यांचा चेहरा बदलला. कारण चार्टमधे बायपोलर कुठे दिसतच नव्हता, सगळीकडे ओसीडी होता. माझं म्हणणं असं आहे, आणि हे मी डॉक्टर नसताना म्हणतोय, की दोन आजार एकत्र म्हणजे नुसती बेरीज नसते. बायपोलर तुम्हाला एक खरा धोका देतो, झालेला, सही-शिक्क्याचा, ज्याच्यापायी बेंचवाल्याकडे ॲडव्हान्स अडकलाय. बाकीच्या ओसीडीवाल्यांना थेरपिस्ट म्हणू शकतात की अहो घर जळण्याची शक्यता किती कमी आहे बघा. मला तसं म्हणता येत नाही. माझं घर जळालंय एकदा. आणि जळण्याआधी मला सगळ्यात छान वाटत होतं. तेव्हा छान वाटलं की घाबरायचं, हा धडा बायपोलरने दिला आणि ओसीडीने तो पाठ केला, त्यामुळे कित्येक महिने मला कधीच छान वाटलं नाही, आणि ते डिप्रेशन नव्हतं.

थेरपिस्ट मॅडम ईआरपी करतात. म्हणजे भीती वाटते त्या गोष्टीला मुद्दाम सामोरं जायचं आणि भीती घालवण्यासाठी जे करतो ते करायचं नाही. लंडनमधे व्हिक्टर मेयरने १९६६ मधे ह्याची सुरुवात केली आणि ओसीडीवर आजही मुख्य थेरपी हीच आहे. कुलुपाच्या बाबतीत सोपं आहे, लावायचं आणि निघायचं. पण मूडच्या बाबतीत? बघायचंच नाही असं तर करता येत नाही, बघितलं नाही तर परत विसर्जनाची मिरवणूक. मॅडमनी आणि डॉक्टरांनी शेवटी एकमेकांना फोन केला, आणि हे लिहितोय कारण माझ्या मते उपचारातला सगळ्यात मोठा टप्पा तो फोन होता, कुठलीही गोळी नाही. आपल्याकडे गोळीवाले आणि बोलणारे वेगवेगळ्या इमारतीत बसतात आणि पेशंट मधल्या रस्त्यावर फाईल घेऊन फिरतो.

ठरलं ते असं. लक्ष ठेवायचं पण मी ठेवायचं नाही. चार्ट बायकोकडे. ती रविवारी रात्री एकदा भरते, पाचच गोष्टी, ज्या बाहेरून दिसतात: झोप, खर्च, फोनवरचा वेळ, बोलण्यात मधेच तोडणं, आणि नवीन योजना. मूडचा आकडा नाहीच. माझ्या मागच्या वेळच्या सुरुवातीत ह्या पाचांत फरक पडला होता, आत मला काय वाटत होतं याने काही कळलं नसतं, आत तर सगळं झकास होतं. लागोपाठ दोन रात्री झोप पाच तासांच्या खाली आणि दुसऱ्या दिवशी थकवा नाही, असं झालं तर ती मला न विचारता डॉक्टरांना मेसेज करते. तेवढा हक्क मी तिला मी बरा असताना लिहून दिलाय. आणि उलट बाजूने, मी विचारलं की अगं मी ठीक आहे ना, तर ती उत्तर देत नाही. एकच वाक्य, "रविवारी बघू." पहिले काही आठवडे मला ह्या वाक्याचा इतका राग यायचा की काय सांगू. तिलापण सोपं नव्हतं, नवरा कासावीस होऊन विचारतोय आणि आपण भाजी निवडत रविवारी बघू म्हणायचं. आईला तर ते दगडाच्या काळजाचं वाटलं, ती हळूच येऊन सांगायची, अरे ठीक आहेस तू बाळा. मग आईलापण एकदा मॅडमकडे न्यावं लागलं.

माझ्या विषयातलं उदाहरण देतो. ट्रायल बॅलन्स जुळत नसेल आणि फरक सापडत नसेल तर अकाउंटंट दुकान बंद करत नाही, फरकाची रक्कम सस्पेन्स अकाउंटला टाकतो आणि पुढचं काम करतो. चूक आहे हे मान्य आहे, ती कुठे आहे ते आत्ता माहिती नाही हेही मान्य आहे, आणि धंदा चालू आहे. हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवत होतो. मॅडमना सांगितल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की आता बाकीच्या पेशंटनापण सांगतात म्हणे, त्यांना अकाउंट्स येवो न येवो.

सगळं छान झालंय असं नाही. मधे एकदा हलकं वर जाणं झालं, ते चार्टने पकडलं. त्याच्या आधी एकदा चार्टने उगाच बोंब मारली, मुलाच्या दहावीच्या निकालाचा आनंद होता नुसता. पेपर तपासणीचा सीझन आला की बेरजा अजून छळतात. गणपतीत मी हिशोब बघतो पण रात्री साडेदहाला घरी, विसर्जनाला तर मंडळाची पोरंच मला हाकलतात, सर चला निघा, वहिनींचा फोन येईल.

स्टाफरूममधे सगळ्यांना माहिती नाही, दोघांना आहे. इन्शुरन्सचा फॉर्म भरताना मात्र खरं लिहिलं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा, पण एजंटने तो रकाना बघून पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला. कायदा आणि चहा यांच्यामधे बरंच अंतर आहे. तसंच निम्हान्सने, म्हणजे बंगळूरच्या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेने, २०१५-१६ मधे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, बारा राज्यांत, त्यात कळलं की बायपोलर असलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास लोकांना उपचारच मिळत नाहीत. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आम्ही त्या सत्तरातही नाही आणि तिसातही नाही.

मागच्या महिन्यात मुलगा रात्री अभ्यास सोडून माझ्या खोलीत आला आणि सरळ विचारलं, बाबा हे मला होणार का. त्याने नेटवर वाचलेलं होतंच. मी सांगितलं की होऊ शकतं. आईवडिलांपैकी एकाला बायपोलर असलं तर शंभरातल्या साधारण पाच ते दहा मुलांना होतो, म्हणजे इतरांपेक्षा बरंच जास्त, आणि तरी नव्वदाहून जास्त मुलांना होत नाही. ओसीडीपण घराण्यात चालतो, त्यासाठी आजीपर्यंत जायची गरज नाही. जागरणं कमी कर, गांजाच्या वाटेला जाऊ नकोस, आणि काही वेगळं वाटलं तर लपवू नकोस. तो म्हणाला, म्हणजे नक्की काही सांगता येत नाही. मी म्हटलं नाही. माझ्या पोटात खड्डा पडला होता, ह्याच एका प्रश्नाचं उत्तर मला खात्रीने द्यायचं होतं. तो जरा वेळ पलंगाच्या कडेवर बसला, मग म्हणाला ओके, आणि उठला. त्याला ते चालत होतं. मग दारातून वळून त्याने उद्या क्लासला जायला गाडीची चावी मागितली. लायसन्स आल्याशिवाय मिळणार नाही, हे मी लगेच आणि एकदाच सांगितलं.